पहिले गाव स्वयंपूर्ण नव्हते

खेड्याचे एक चित्र आपल्या मनात पक्के बसलेले आहे. गावाला लागणारे धान्य गावातच पिकते, नांगर सुतार घडवतो, मोट चांभार शिवतो, मडकी कुंभार भाजतो आणि बाहेरच्या जगाशी गावाचे फारसे देणेघेणे नसते. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. राज्ये येतात आणि जातात, खेडे मात्र आपल्या जागी टिकून राहते, असे त्याचे म्हणणे होते. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाडा’ या ग्रंथाने बलुतेदार-अलुतेदारांची व्यवस्था तपशिलाने मांडली. आत्र्यांनी या गाड्याची दुखणीही दाखवली, पण वाचकांच्या स्मरणात राहिले ते आपल्या आसाभोवती फिरणारे गावच. या चित्रामागे एक न बोललेले गृहीतक आहे. फार पूर्वी, अगदी आरंभी, गाव असे स्वतःपुरते होते आणि पुढे बाजार, रस्ते आणि सरकार आल्यावर ते बिघडले, हे ते गृहीतक. आरंभाविषयीचे हे म्हणणे तपासून पाहता येते, कारण महाराष्ट्रातली पहिली शेतीवाडीची गावे पुरातत्त्वज्ञांनी मातीखालून बाहेर काढली आहेत. गोदावरी, प्रवरा, भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी सुमारे चार हजार ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वी नांदलेल्या या वस्त्या काही वेगळेच सांगतात. इथे शेती, पशुपालन आणि दूरदूरची देवाणघेवाण या गोष्टी एकामागून एक आल्या नाहीत, त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या. दख्खनचे पहिले गाव जन्मापासूनच दुसऱ्यांशी जोडलेले होते, आणि ते उभे राहू शकले ते याच जोडणीमुळे.

या वस्त्यांपैकी सर्वांत सविस्तर अभ्यास झाला आहे तो इनामगावचा. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर ही वस्ती होती. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. तोवर महाराष्ट्रातली बहुतेक उत्खनने उभ्या खड्ड्यांची होती. अशा खड्ड्यातून कोणत्या थरानंतर कोणता थर आला हे कळते, पण माणसे कशी राहत होती हे कळत नाही. इनामगावला आडवे, ऐसपैस उत्खनन झाले आणि एकशे तीसहून अधिक घरांचे अवशेष उघडे पडले. सर्वांत खालच्या थरांत माळवा संस्कृतीची वस्ती होती, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते १४०० या काळातली. तिच्यावर पूर्व जोर्वे काळाची वस्ती, सुमारे इ.स.पू. १४०० ते १०००, आणि सर्वांत वर उत्तर जोर्वे काळाची, सुमारे इ.स.पू. ७०० पर्यंत चाललेली. ‘जोर्वे’ हे नाव संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या गावाचे आहे. तिथे १९५०-५१ मध्ये या संस्कृतीची खापरे आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी पहिल्यांदा नीट ओळखल्या गेल्या. दगडाची धारदार पाती आणि थोडेसे तांबे एकत्र वापरणाऱ्या या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. लोखंड अजून आलेले नव्हते, लिहिण्याची कला या खेड्यांत नव्हती आणि कोणत्या राजाचे नावही आपल्यापर्यंत पोचलेले नाही. म्हणून इथला सगळा इतिहास धान्य, हाडे, खापरे आणि घरांच्या जमिनी यांच्याकडूनच ऐकावा लागतो.

धान्य तीन हजार वर्षे टिकत नाही, पण जळलेले धान्य टिकते. चुलीत सांडलेले, आगीत सापडलेले किंवा भाजताना करपलेले दाणे कोळसा होतात आणि कोळशाला कीड लागत नाही, कूज लागत नाही. उत्खननातली माती पाण्यात कालवली की जड खडे तळाशी बसतात आणि हलके करपलेले दाणे वर तरंगतात. बारीक जाळीने ते गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. दाण्याचा आकार, त्यावरची खाच, देठापासून तुटल्याची खूण यांवरून जात ओळखता येते. इतकेच नव्हे, तर दाणा जंगली रोपाचा आहे की पेरलेल्या पिकाचा, हेही बऱ्याचदा कळते. जंगली गवताचे दाणे पिकले की आपोआप झडतात, कारण रोपाला आपले बी पसरवायचे असते. माणसाने कापणी सुरू केली तेव्हा कणसाला चिकटून राहिलेले दाणेच घरी आले, तेच पुन्हा पेरले गेले आणि अनेक पिढ्यांनी दाणे न झडणारे पीक तयार झाले. झडलेल्या दाण्याच्या देठावरची खूण गुळगुळीत असते, झोडपून काढलेल्याची खरबरीत. या नखाएवढ्या जागेत शेतीचा आरंभ लिहिलेला असतो. डेक्कन कॉलेजचे मु. दि. काजळे यांनी दख्खनच्या वस्त्यांतल्या वनस्पती-अवशेषांचा अभ्यास केला. इनामगावच्या माणसांचे मुख्य धान्य जव होते, हे त्यातून पुढे आले. जोडीला गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ होते, थोडा तांदूळही होता, आणि रानातून गोळा केलेली बोरे होती.

ही यादी साधी दिसते. पण एकेका दाण्याचे माहेर शोधले की यादीचा अर्थ बदलतो. गव्हाचे जंगली पूर्वज तुर्कस्तान, सीरिया, इराक या भागातल्या डोंगरउतारांवर वाढतात. जवाचे जंगली वाण पश्चिम आणि मध्य आशियातले. मसूर आणि वाटाणाही पश्चिम आशियातूनच आलेले. यांतल्या एकाचाही जंगली पूर्वज सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पठारावर उगवत नाही. म्हणजे इनामगावच्या शेतकऱ्याने जव पेरला तेव्हा त्याच्या ओंजळीतले बी हजारो कोस आणि हजारो वर्षे चालत आलेले होते. त्याच ओंजळीतले कुळीथ मात्र इथल्याच कोरड्या माळरानांचे. त्या काळच्या दख्खनी वस्त्यांत सापडणाऱ्या मूग-उडदांचेही पूर्वज भारतीय द्वीपकल्पातले. पश्चिमेकडची पिके जिथे हिवाळ्यात पाऊस पडतो तिथे घडली, त्यांना थंडीचे दिवस हवेत. आपल्याकडची कडधान्ये पावसाळ्यावर वाढतात. दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांनी या दोन्हींची सांगड घातली. पावसाळ्यात इथले पीक आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर थंडीत परदेशी पीक, हा आपल्याला इतका ओळखीचा असलेला दोन हंगामांचा क्रम मुळात दोन वेगवेगळ्या प्रदेशांच्या शेतीच्या संगमातून तयार झाला. हिवाळी पिकाला इथे पाण्याचा भरवसा नसतो. इनामगावला पूर्व जोर्वे काळातला एक पाट आणि दगडमातीचा बांध सापडला. ढवळीकरांनी त्याचा अर्थ नदीचे पुराचे पाणी वळवून शेतीला देण्याची सोय असा लावला. तो अर्थ बरोबर असेल तर परक्या पिकाला इथल्या हवामानात जगवण्यासाठी सबंध गावाने केलेले श्रम आपल्यासमोर आहेत. बी आणणे सोपे असते. त्याला या मातीत, या पावसात, या उन्हात रुळवणे हे पिढ्यांचे काम असते, आणि ते काम इथल्या माणसांनी केले.

गोठ्याकडे वळले तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. इनामगावच्या हाडांत गाय-बैल सर्वांत जास्त आहेत, त्यांच्यासोबत म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर आणि कुत्रा आहे. हरणे आणि काळवीट शिकारीतून आलेले. जनावर पाळीव आहे की रानटी, हे हाडाच्या आकारावरून आणि जनावर कोणत्या वयात मेले यावरून ठरवतात. माणसाने पाळलेल्या कळपात जनावरांचा आकार पिढ्यांगणिक कमी होत जातो. शिकार केलेल्या हाडांत सगळ्या वयांचे प्राणी मिळतात. मांसासाठी पाळलेल्या कळपात नर बहुधा तरुणपणीच मारले जातात, आणि ओढकामाची वा दुधाची जनावरे म्हातारी होईपर्यंत राखली जातात. आता शेळी-मेंढीचा विचार करू. पाळीव शेळीचा जंगली पूर्वज तुर्कस्तानापासून इराणमार्गे बलुचिस्तान-सिंधपर्यंतच्या डोंगरांत राहतो, मेंढीचाही पश्चिम आशियात. दख्खनच्या पठारावर हे दोन्ही प्राणी कधीच रानटी अवस्थेत नव्हते. म्हणून इनामगावच्या मातीत सापडलेले शेळीचे प्रत्येक हाड हा दूरच्या संबंधाचा पुरावा आहे. त्या शेळीचे पूर्वज कोणीतरी कोणाकडून तरी घेतले होते. वशिंडाच्या गाईची कथा वेगळी आहे. तिचे पूर्वज भारतीय उपखंडातले आणि युरोप-पश्चिम आशियातल्या बिनवशिंडाच्या गुरांपासून तिचा वंश लाखो वर्षांपूर्वीच वेगळा झालेला. बोलन खिंडीच्या तोंडाशी असलेल्या मेहरगढला झाँ-फ्राँस्वा जारीज आणि कॅथरीन जारीज यांनी १९७४ पासून उत्खनन केले. निदान सात हजार वर्षांपूर्वीपासूनच्या त्या थरांत रानटी प्राण्यांची हाडे कमी होत जातात, गुरांची वाढत जातात आणि गुरांचा आकार घटत जातो. रिचर्ड मेडो यांनी या हाडांतून वशिंडाची गाय पाळीव होण्याची प्रक्रिया दाखवली. दख्खनचा बैल तिथूनच आला की द्वीपकल्पातही गुरे वेगळी पाळली गेली, यावर चर्चा चालू आहे. शेळीबाबत मात्र चर्चेला जागाच नाही.

धातूंच्या बाबतीत दख्खनची जमीन फार कंजूष आहे. भीमा-प्रवरेचा सगळा मुलूख ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या कातळाचा. या कातळात गारगोटीच्या जातीचे चिवट, धारदार फुटणारे दगड भरपूर मिळतात. त्यांची लांबट पाती काढून विळे, सुऱ्या आणि टोचे बनवले जात, आणि ही हत्यारे घराघरात सापडतात. पण या कातळात तांब्याची खनिजे नाहीत, सोनेही नाही. तरीही जोर्व्याला तांब्याच्या कुऱ्हाडी आहेत, इनामगावला तांब्याच्या बांगड्या, मणी आणि सोन्याचे दागिने आहेत. तांबे अरवलीच्या खाणींकडून आले असावे, सोन्याचे सर्वांत जवळचे खडक कर्नाटकात आहेत, आणि शंखाच्या बांगड्यांसाठीचा कच्चा माल समुद्रावरून आल्याशिवाय मिळत नाही. नेवाशाला पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजाने मण्यांतला दोरा कुजण्यापासून वाचवला होता आणि त्यात रेशीम आणि कापूस यांचे तंतू असल्याचे तपासणीत नोंदवले गेले. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला अशाच मण्यांत जवसाच्या खोडापासून काढलेला धागा मिळाला. एका लेकराच्या गळ्यातल्या माळेत लांबच्या खाणीतला धातू, शेतातला कापूस आणि किड्याच्या कोशातला धागा एकत्र ओवलेला होता. स्वयंपूर्ण गावात अशी माळ बनू शकत नाही.

यावर एक रास्त हरकत घेता येईल. इनामगावला कारागीर गावातच होते ना? पूर्व जोर्वे काळात वस्तीच्या मध्यभागी मोठी चौकोनी घरे होती. त्यांतले पाच खोल्यांचे एक घर शेजारच्या धान्यकोठारामुळे गावाच्या प्रमुखाचे मानले गेले. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा असे कारागीर वस्तीच्या पश्चिम अंगाला राहत. गावाला लागणारे कसब गावातच होते, मग आणखी काय हवे? पण हाच पुरावा नीट पाहिला की उलट दिशेने बोलतो. सोनाराचे घर गावात होते, सोने गावात नव्हते. हस्तिदंत कोरणारा होता, पण भीमेच्या उघड्या माळावर हत्तींचे कळप होते असे कोणी म्हणणार नाही. कसब गावात आणि कच्चा माल बाहेर, ही रचना तेव्हाच टिकते जेव्हा बाहेरून माल येत राहील असा कारागिराला भरवसा असतो. एखाद्या फिरस्त्याने कधीतरी मूठभर सोने आणले, एवढ्यावर कोणी पिढ्यानपिढ्या सोनार होत नाही. शिवाय कारागिराला शेती करायला वेळ नसतो, त्याचे पोट दुसऱ्याच्या धान्यावर भरते. म्हणजे बाहेरची देवाणघेवाण आणि गावातली श्रमविभागणी एकाच व्यवस्थेची दोन अंगे ठरतात. बलुतेदारीचे बीज याच काळात पडले असे म्हणण्याचे धाडस करू नये, कारण मधल्या हजार-दोन हजार वर्षांची साखळी आपल्याकडे नाही. एवढे मात्र म्हणता येते की गावातले कारागीर हा गावाच्या एकटेपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

खापरांवरून हे संबंध कुठवर पसरले होते याचा अंदाज येतो. इनामगावच्या सर्वांत खालच्या थरांतली माळवा मृद्भांडी नर्मदेकाठच्या, महेश्वरसमोरच्या नावडातोलीशी नाते सांगतात. त्या स्थळाचे उत्खनन सांकळियांनी पन्नासच्या दशकात केले होते. पुढची जोर्वे मृद्भांडी नारिंगी-लाल रंगाची, काळ्या रेषांची नक्षी असलेली, चाकावर घडवलेली आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. नळीची तोटी असलेली भांडी आणि कंबरेत धारदार वळण असलेले वाडगे ही त्यांची ओळख. कोकणची किनारपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडला तर ही खापरे बहुतेक महाराष्ट्रभर मिळतात. बेल्लारी जिल्ह्यातल्या टेक्कलकोट्यालाही ती सापडली, म्हणजे गुरेपाळ्या नवाश्मयुगीन लोकांच्या मुलखापर्यंत दख्खनचे हात पोचले होते. प्रवरेकाठचे दायमाबाद या जाळ्यातले सर्वांत मोठे ठाणे. तिथे जोर्वे आणि माळवा थरांच्याही खाली उत्तर हडप्पाकाळातल्या वस्तीचे थर आणि सिंधू चिन्हे असलेल्या मुद्रा मिळाल्या. १९७४ मध्ये तिथेच झाडाचे मूळ खणताना बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा मिळून साठ किलोहून अधिक वजनाच्या चार कांस्यमूर्ती सापडल्या. त्या पाहून मन थक्क होते. पण त्या शास्त्रीय उत्खननात, ठरलेल्या थरात मिळाल्या नाहीत, आणि त्यांच्या धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्यांच्या काळाविषयी शंका घेतली गेली आहे. म्हणून या लेखाचा युक्तिवाद मी त्यांच्यावर टेकवत नाही. शेळीचे हाड आणि जवाचा दाणा दिसायला क्षुद्र असले तरी पुरावा म्हणून ते या देखण्या मूर्तींपेक्षा भक्कम आहेत, कारण ते कोणत्या थरातून आले हे नक्की माहीत आहे आणि ते एकदाच नव्हे तर पुन्हापुन्हा सापडतात.

दुसरी हरकत अधिक खोल आहे. जव पश्चिम आशियातून दख्खनला यायला हजारो वर्षे लागली, मग त्याला व्यापार कसे म्हणायचे? एका शेतातून शेजारच्या शेतात, एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे बी सरकत गेले, इनामगावच्या शेतकऱ्याला त्याचे माहेर ठाऊकही नसणार. हे म्हणणे खरे आहे, आणि मापे, मोहोरा, दुकाने असलेल्या व्यापाराची कल्पना या खेड्यांवर लादू नये हेही खरे. पण देवाणघेवाणीचे रूप फक्त बाजाराचे नसते. सोयरीक होते तेव्हा मुलीबरोबर बियाणे जाते, भांडी जातात, स्वयंपाकाची पद्धत जाते. दुष्काळात एक गाव दुसऱ्याकडून बी उसने घेते. मेंढपाळांचे वाडे ऋतूप्रमाणे फिरतात आणि वाटेत लोकर, खत, धान्य आणि बातम्यांची अदलाबदल होते. धनगर समाजाच्या अशा भटकंतीचा अभ्यास आजही पुरातत्त्वज्ञ उपयोगी मानतात. आजचे उदाहरण कालच्या घटनेचा पुरावा होत नाही, तरी काय शक्य होते हे त्यातून कळते. हरकतीचे खरे उत्तर असे की बी एकटे चालत नाही. केव्हा पेरायचे, किती पाणी द्यायचे, कसे साठवायचे हे ज्ञान त्याच्याबरोबर चालावे लागते, आणि ज्ञान बोलणाऱ्या, एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांमधूनच जाते. वेग मंद असला तरी साखळीतला एकही दुवा एकलकोंड्या गावाचा असून चालला नसता. शिवाय तांबे आणि शंख यांना हजारो वर्षांची मुभा नव्हती. या वस्तू एका माणसाच्या हयातीतच खाणीपासून, किनाऱ्यापासून घोड नदीच्या काठापर्यंत आल्या. आणि मिठाचा विचार करावा. धान्य खाणाऱ्या माणसाला आणि त्याच्या गुरांना मीठ लागतेच, आणि ते मातीत विरघळून जाते. उत्खननात दिसणारी देवाणघेवाण ही प्रत्यक्षात झालेल्या देवाणघेवाणीचा टिकून राहिलेला छोटा भागच असणार.

तिसरी हरकत स्वाभिमानातून येते. सगळे बाहेरूनच आले म्हटले तर आपल्या पूर्वजांनी काय केले? पण पुरावा तसे म्हणतच नाही. दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन लोकांनी कुळीथ, मूग आणि बारीक तृणधान्ये माणसाळवली, असे वनस्पती-पुरातत्त्वाचा अभ्यास दाखवतो. कापसाचे एक वाण या उपखंडातच घडले. आणि देवाणघेवाणीचा ओघ एकाच दिशेने वाहत नव्हता. प्राचीन गुरांच्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४२०० वर्षांपूर्वीपासून पश्चिम आशियातल्या कळपांत भारतीय वशिंडाच्या बैलांचे रक्त झपाट्याने मिसळले, असे त्यातून दिसले. कोरड्या, उष्ण हवेत तग धरणारा आपला बैल तिकडच्या शेतकऱ्यांना हवाहवासा वाटला असणार. मूग आणि कुळीथ पुढे समुद्र ओलांडून थायलंडच्या किनाऱ्यावर पोचले, तिथल्या खाओ साम केओ या बंदरवजा स्थळी ते सापडले आहेत. आज दख्खनची ओळख बनलेली ज्वारी मूळची पूर्व सुदानमधली, बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या आसपासची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरची. ही पिके भारतात नेमकी केव्हा आली हे ठरवताना सावध राहावे लागते, कारण जुन्या नोंदींतले नाचणीचे अनेक दाणे फेरतपासणीत इथल्याच बारीक तृणधान्यांचे निघाले. पण ती आली, इथे रुजली आणि शेतकऱ्यांनी त्यांची शेकडो वाणे घडवली. ज्याला आपण आपले म्हणतो ते घेण्यातून आणि घडवण्यातून आपले झालेले असते. घेतल्यामुळे पूर्वजांचे कर्तृत्व उणे होत नाही, कारण जवाला दख्खनच्या काळ्या रानात पिकवून दाखवणे हे पश्चिम आशियातल्या कोणालाही जमलेले नव्हते.

शेवटची हरकत सर्वांत गंभीर आहे. एवढी जोडलेली गावे होती, तर ती मोडली का? इ.स.पू. १०००च्या सुमारास दख्खनमधली बहुतेक जोर्वे गावे ओस पडली. इनामगाव टिकले, पण त्याची कळा उतरली. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, गुरांचे प्रमाण घटले, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीच्या हरणांची हाडे वाढली. ढवळीकरांनी याचे कारण कोरडे होत गेलेले हवामान हे दिले. इनामगाव, नेवासे आणि दायमाबादच्या मुलांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या सरळ समीकरणाला आव्हान दिले. हवामान, जमिनीची झीज आणि माणसांचे निर्णय यांची गुंतागुंत त्यांनी पुढे आणली, आणि उत्तर काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणाही दाखवल्या. कारण कोणतेही असो, जोडलेपणाने संकट टळले नाही हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्यावर अवलंबून असणे ही विम्याची हमी नव्हे, आणि साखळी तुटते तेव्हा तिचा फटका सगळ्यांनाच बसतो. पण इनामगाव शेजारची गावे ओस पडल्यावरही जवळजवळ तीनशे वर्षे कशाच्या बळावर टिकले, हेही विचारले पाहिजे. जवाचे पीक आणि गुरे हातची जाऊ लागली तेव्हा त्यांनी शेळी-मेंढीचा आधार घेतला. तो प्राणी कोरड्या माळावर जगतो, आणि तो कधीकाळी दूरवरून मिळालेला होता. रानाची जुनी ओळख त्यांनी सोडलेली नव्हती, म्हणून शिकारीकडे वळता आले. एकाच पिकावर, एकाच पद्धतीवर अडून राहिलेले गाव इतके टिकले नसते. शेती म्हणजे शिकारीला कायमचा रामराम, ही समजूतही इथे खोटी ठरते. माणसे गरजेप्रमाणे पुढे गेली तशी मागेही आली.

या सगळ्यातून आजच्यासाठी निघणारा अर्थ मर्यादित पण महत्त्वाचा आहे. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती आजच्या धोरणाचा नकाशा होऊ शकत नाही. मात्र मूळचे खेडे शुद्ध, बंदिस्त आणि स्वतःपुरते होते आणि तिकडे परत जायचे आहे, असे कोणी सांगू लागले तर आरंभीच्या गावांचा पुरावा त्याला साथ देत नाही. गावाचे भले करायचे तर त्याच्या बाहेरच्या नात्यांत त्याची बाजू भक्कम कशी होईल आणि त्याच्या शिवारात पिकांची व जनावरांची विविधता कशी टिकेल, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. हा पुरावा ज्या मातीत आहे ती माती मात्र वेगाने चालली आहे. जुन्या वस्तीच्या टेकाडाला खेड्यात पांढर म्हणतात. पिढ्यानपिढ्यांची राख, शेण आणि केरकचरा मुरून ती माती कसदार झालेली असते, म्हणून ती गाड्या भरून शेतात टाकली जाते. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही, त्याला जमिनीचा कस हवा असतो आणि त्या टेकाडात काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पण करपलेला जवाचा दाणा एकदा थराबाहेर गेला की तो कुठल्या काळाचा, कोणत्या घरातला, कोणत्या जनावराच्या हाडाशेजारचा हे कधीच कळणार नाही. दख्खनच्या नदीकाठांवर अजून अशी कितीतरी टेकाडे आहेत ज्यांना कुदळ लागलेली नाही. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या पांढरीची नोंद ठेवावी, शाळेतल्या मास्तरांनी मुलांना नक्षीचे खापर ओळखायला शिकवावे, आणि टेकाडाची माती उचलण्याआधी पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या अभ्यासकाला कळवावे. यासाठी कायद्याची किंवा मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही.